पाच लेकुरवाळ्या

नांदेडच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते. गेल्या वर्षी वंध्यत्वाचा धडा संपल्यावर मी शेवटच्या वर्षाच्या मुलींना प्रश्नावली दिली. मूल न होण्याचा दोष नेहमी बाईचाच असतो का? झाडून साऱ्याजणींनी ‘नाही’वर खूण केली. मूल नसलेल्या बाईला शुभकार्यात मागं ठेवावं का? पुन्हा ‘नाही’. मी खूश. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, घरात पाळणा हललेला नाही, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक. वाटलं, या पोरी तरी वेगळ्या निघाल्या.

त्याच आठवड्यात या मुलींनी आमच्या एका तरुण शिक्षिकेचं डोहाळेजेवण वर्गातच केलं. बाकं भिंतीला लावली, खुर्चीला झेंडूच्या माळा बांधल्या. कॉलेजातल्या इतर शिक्षिकांबरोबर मीही ठेवणीतली इरकली नेसून, खण-नारळ घेऊन गेले होते. ओटी भरायची वेळ झाली तशी वर्गाची मॉनिटर म्हणाली, “आता पाच लेकुरवाळ्या पुढं या.” मग माझ्याकडं वळून, अगदी लाडानं, “मॅडम, तुमचे फोटो लई भारी येतात. तुम्हीच काढा ना.”

काढले. दुसरं काय करणार? पैकीच्या पैकी मार्क घेणाऱ्या पोरी या! पण रागसुद्धा धड येईना, कारण कुणाच्याच मनात वाकडं नव्हतं. नंतर मॉनिटर हळूच जवळ आली. “तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलावलं न्हाई, मॅडम.”

“न्हाई गं, वाईट कशाचं?” मी म्हणाले.

माझ्या तपासण्यांत काहीच निघालं नव्हतं, हे तिथंच सांगून टाकता आलं असतं. पण मग बोट माझ्या नवऱ्याकडं गेलं असतं. म्हणून इतकी वर्षं मी गप्प आहे.

ते अहमदपूरला शाळेत शिकवतात, शनिवारी येतात. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी पाठवलेले फोटो त्यांनी बघितले होते. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग आवाज खाली गेला.

“तुला बोलावलं का गं ओटी भरायला?”

“हाव,” मी म्हणाले. “पहिलं मलाच.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि मोकळे होऊन शाळेतल्या गमती सांगत बसले. मी हसत राहिले. फोन ठेवल्यावर मात्र फार एकटं वाटलं. मनातलं सांगावं असं एकच माणूस होतं, आणि त्याच्याशीच मी खोटं बोलले होते.