टाच आधी उचलायची

शैला गेली त्याला महिना उलटला. शोकसभेत तिच्या दिरांनी हात जोडून सांगितलं, "वेळ आली होती, कोणाच्या हातात असतं?" मी उठून बाहेर आले. रागानेच चपला पायात सरकवल्या. वेळ आली नव्हती हो, वेळ घालवली! आणि घालवली कोणी? जिने हडपसरच्या पोरींना वेळेवर बॅट फिरवायला शिकवलं, तिनेच.

कॉलेजात आम्ही दोघी सॉफ्टबॉल खेळायचो. मी शनिवार पेठेतली, ती हडपसरच्या शेतकरी घरातली. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "बॉलची वाट काय बघत बसतीस? पाहुणा यायचा हाय का?" मी चिडले. पण बरोबर होतं तिचं. पिचर खालून हात फिरवून बॉल फेकते आणि तो इतक्या जवळून येतो, की दिसल्यावर मारू म्हणेपर्यंत मागे कॅचरच्या हातात जाऊन बसलेला असतो. शैलाची रीत ठरलेली. पिचरचा हात वरून मांडीकडे यायला लागला की हिची डावी टाच वर. बॉल सुटला की टाच खाली, आणि मग बॅट. "प्रत्येक बॉल मारायचाच हाय म्हणून निघायचं," ती सांगायची. "वाईट असला तर आवरता येतंय. पण थांबून राहिलं की मग निघताच येत नाही."

पुढे मी बँकेत चिकटले. ती लग्न होऊन हडपसरातच राहिली आणि तिथल्या मोकळ्या मैदानावर मुलींना शिकवायला लागली. "टाच!" ही तिची आरोळी पार रस्त्यापर्यंत ऐकू यायची. अंगातच मुरली होती ती टाच... सिग्नल हिरवा व्हायच्या आत वर, कुकरची शिट्टी व्हायच्या आत वर. मी हसायचे, तर म्हणायची, "हस, हस. तुझी खिचडी करपती, माझी नाही."

आणि या बाईने छातीत गाठ हाताला लागल्यावर काय करावं? थांबली! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही मार्केट यार्डात फुलं घ्यायला गेलो होतो. तिथे सांगितलंन, झेंडूचा भाव सांगावा तसं. मी भर गर्दीत ओरडले, "आत्ताच्या आत्ता चल." तर म्हणे, "मुलींची स्पर्धा होऊ दे. मग पुतण्याचं लग्न हाय. मग निवांत दाखवते." निवांत! दवाखाना म्हणजे काय महाबळेश्वर आहे? तिच्या नवऱ्याला फोन केला, तर ते म्हणाले, "बघू." काय बघणार होते कोण जाणे. स्पर्धा झाली, लग्न झालं, सगळ्यांची सगळी कामं झाली, आणि मग डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

शेवटच्या भेटीत तिने माझा हात धरला. "रागावलीस?" हो, म्हटलं. अजूनही रागावलेच आहे मी, शैले. रडू येतं तेसुद्धा रागातच येतं.

तिची मुलगी मुग्धा आयटीत आहे. आईला होतं म्हणून तिनेही तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गेल्या आठवड्यात फोन केला तर म्हणते, "मावशी, आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे गं. ते संपलं की पक्का जाते." माझं डोकंच फिरलं. तशीच रिक्षा केली आणि तिच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिले. "खाली ये," म्हटलं, "नाहीतर मी वर येते आणि तुझ्या मॅनेजरशी मीच बोलते." आली. वाटभर फोनवर ऑफिसचे मेसेज करत राहिली. करू दे. (हे सगळं तिला विचारूनच लिहिते आहे.)

दवाखान्यात बाकावर शेजारी शेजारी बसलो. तेव्हा लक्षात आलं, पोरीच्या पायात आईचे मैदानावरचे बूट होते. डाव्या बुटाचा चवडा घासून पातळ झालेला. मी बघून न बघितल्यासारखं केलं. तेवढ्यात आतलं दार उघडलं, नर्स हातात कागद घेऊन बाहेर आली आणि चष्मा सारखा करायला लागली. अजून तिने कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. मुग्धाची डावी टाच वर उचललेली होती.