धूळ मोजायचा आठवडा

तिला सगळे मावशीच म्हणायचे. दवाखान्यात फरशी पुसायचं काम, आणि घरी आल्यावरही तेच. फरक एवढाच की दवाखान्यातल्या पुसण्याचा पगार मिळे. तिच्या टापटिपीची गल्लीत चेष्टा चालायची. "मावशीच्या अंगणात यायचं म्हणजे आधी पायांना आंघोळ घाला," असं शेजारीण म्हणायची, आणि मावशी हसत हसत तिला खरंच पाय धुवायला लावायची.

पण ही काही हौस नव्हती. तिच्या नवऱ्याने उमेदीची सगळी वर्षं टेकडीमागच्या दगडखाणीत सुरुंगासाठी भोकं पाडण्यात घालवली. अंगाने असा, की खाणीत त्याला पैलवान म्हणत. त्या भोकांतून उडालेली भुकटी त्याच्या छातीत जाऊन बसली ती बसलीच. खाण बंद पडली तोवर पैलवानाला खाटेवरून मोरीपर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागत होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलंय तेवढं जपा, धूळ लागू देऊ नका. मावशीने ते मनाशी गाठ मारून ठेवलं. तेव्हापासून अंगणात पाणी, दारासमोरच्या कच्च्या रस्त्यावर पाणी, खिडक्यांना ओल्या चादरी.

आणि मग खाण पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली. नव्या मालकाने अर्ज केला होता. अशा अर्जाला पर्यावरणाची परवानगी लागते. विहिरी आटतील का, सुरुंगाने भिंतींना तडे जातील का, हवेचं काय होईल, हे तपासून अहवाल करायचा, तो लोकांपुढे मांडायचा, आणि मग सरकारने हो किंवा नाही म्हणायचं. मावशीला यातलं एकच कळलं, पण ते बरोबर कळलं. धूळ जास्त निघाली तर परवानगी अडेल, आणि परवानगी अडली तर नवरा आणखी काही वर्षं जगेल.

अहवालासाठी खडी फोडायचं जुनं यंत्र आठवडाभर चालवून बघायचं ठरलं. खाणीला सगळ्यात जवळचं घर मावशीचं, म्हणून धूळ मोजायचं यंत्र तिच्याच गच्चीवर आलं. बसवायला आलेला तंत्रज्ञ भला माणूस होता. "हे हवा ओढतं, धूळ आतल्या कागदावर बसते. मी रोज सकाळी कागद बदलायला येईन. तुम्ही फक्त याला हात लावू नका," एवढं सांगून तो गेला. आजूबाजूला काय करू नका, ते बोलला नाही. आपण कुणाच्या घरात आलोय, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

टेकडीमागे खडखडाट सुरू झाला आणि दुपारपर्यंत नवरा खोकून खोकून निळा पडला. मावशीने दवाखान्यातून रजा काढली. बादल्यांमागून बादल्या ओतून रस्ता पार वळणापर्यंत भिजवला, शेजारणीलाही जुंपलं. गच्चीचा जिना थेट नवऱ्याच्या खोलीत उतरायचा, म्हणून गच्चीच्या कठड्यावर चारी बाजूंनी ओल्या चादरी ताणल्या. यंत्राला मात्र बोट लावलं नाही. सांगितलेलं ऐकणारी बाई ती. सकाळी तंत्रज्ञ यायच्या आत चादरी काढून गच्ची धुऊन ठेवायची, बाहेरच्या माणसाला घाण दिसायला नको म्हणून. यंत्र खाणीची धूळ मोजतंय ना, मग आपण इथे काही का करेना, असा तिचा साधा हिशेब. वजनाचा काटा दारात ठेवला काय नि घरात ठेवला काय, वजन तेच.

"ते सगळं बघतंय हं," ती रात्री नवऱ्याला म्हणायची. "आता सुटत नाहीत हे खाणवाले."

जनसुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. नवरा हट्टाने आला, मावशीच्या खांद्यावर भार टाकत. कंपनीच्या सल्लागार बाईंनी अहवाल वाचला. सर्वात जवळच्या घरी धुळीचं प्रमाण मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी आढळलं आहे.

मावशीला आधी हसूच आलं, काहीतरी घोळ झालाय म्हणून. मग तिला आपल्या बादल्या आणि चादरी आठवल्या. ती उठून उभी राहिली.

"अहो, मी पाणी मारत होते!"

"कुठे?" व्यासपीठावरच्या सरकारी साहेबांनी विचारलं.

"सगळीकडे. ओल्या चादरी पण लावल्या होत्या गच्चीला."

सभागृह हसलं. सल्लागार बाई हसल्या नाहीत. त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या, "म्हणजे पाणी मारलं की धूळ आटोक्यात राहते, हे यावरून दिसतंच."

साहेबांना ते पटलं. "अटींमध्ये घाला. कंपनीने रोज पाणी मारायचं."

"पुन्हा मोजा ना, साहेब. मी हात लावत नाही कशाला."

"मावशी, चाचणीची मुदत संपली. तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय."

नोंदवून घेतलं म्हणजे काय झालं, ते सभागृहातल्या प्रत्येकाला कळत होतं. पुढचा विषय रोजगाराचा निघाला आणि टाळ्या पडल्या.

परतताना नवरा दम खायला पुलाच्या कठड्यावर टेकला. मावशी त्याच्यासमोर उभी राहिली. तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"मीच तुम्हाला मातीत घातलं," ती म्हणाली.

"वेडी की काय तू! त्या आठवड्यात किती झोप लागली मला. खडखडाट चालू असताना."

"तीच लागू द्यायची नव्हती. हात बांधून बसायला हवं होतं मी. तुम्ही तडफडला असतात, पण कागद तरी भरला असता." तोंडातून गेलं आणि तिने तोंडावर हात दाबला. ज्याच्यासाठी एवढं केलं त्यालाच आपण हे बोललो, याची तिला शरम वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे, बोललो ते खरं होतं.

तो रागावला नाही. रागवायलाही छातीत वारा लागतो. त्याने थोडा श्वास गोळा केला.

"मग मला सांगायचंस की," तो म्हणाला. "काढला असता मी आठवडा."