सनीव्हेलचे हिरवे डोंगर

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आले तेव्हा मी तीस वर्षांची होते आणि मला चित्रकलेतलं सगळं येत होतं. शाळेत इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळवलेल्या बाईला शिकण्यासारखं काय उरतं? हात सराईत होता. डोळ्यांची गरज कधी पडली नव्हती.

व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर. मला काम करायची परवानगी नव्हती. बँकेत, दवाखान्यात, पार्टीत मी ‘यांची मिसेस’. त्यामुळे लायब्ररीत ‘आपल्या गावचा उन्हाळा’ या विषयावर चित्रं लावणार आणि प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी असणार, हे कळल्यावर मला त्या चिठ्ठीची हाव सुटली. चित्र हा नुसता मधला उपद्व्याप होता.

तो एका बैठकीत उरकला. परीक्षेत काढायचे तेच दोन त्रिकोणी डोंगर, हिरवेगार. मधे सूर्य. खाली नदी, कारण नदीला मार्क असतात. चित्र पोचवायच्या आधीच मराठी मंडळातल्या काकूंना फोन करून आमंत्रणंही दिली. वयाबरोबर नम्रपणा येतो म्हणतात. मी अजून वाट बघते आहे.

चित्रं निवडणाऱ्या म्हाताऱ्या अमेरिकन बाई माझ्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“छान आहे. कुठलं?”

“इथलंच. मागचे डोंगर.”

त्यांनी खिडकीचा पडदा सरकवला. बाहेर मागचे डोंगर उभे होते, खमंग भाजलेल्या रव्याच्या रंगाचे. वर्षभर मी त्यांच्यासमोर कपडे वाळत घालत होते.

“इथे ते हिवाळ्यात हिरवे होतात,” बाई म्हणाल्या. “शुक्रवारपर्यंत वेळ आहे.”

दोन दिवस मी अमेरिकेला नावं ठेवली. डोंगरच चुकीचे आहेत, असं माझं प्रामाणिक मत होतं. तिसऱ्या दिवशी चिठ्ठीच्या लोभाने नवऱ्याला लंचच्या सुट्टीत गाडी काढायला लावली आणि त्या डोंगरांपुढच्या तलावापाशी उतरले. ऊन असं की ब्रश कागदावर टेकेपर्यंत रंग वाळायचा. पिवळा लावला, कमी पडला. नारिंगी ओतला. सावलीसाठी काळा कालवायला गेले तर सावली मुळी काळी नव्हतीच, चक्क जांभळी होती. ओकची झाडं निळी. मला ‘ए’ देणाऱ्या परीक्षकाला तिथे उन्हात उभं करावंसं वाटलं.

ऑफिस सुटल्यावर न्यायला आलेल्या नवऱ्याने चित्र बघितलं. “डोंगराला ताप आलाय का?”

“तू गाडी चालव.”

चित्र लागलं. काकू आल्या. त्यातल्या ज्येष्ठ काकूंनी मला बाजूला घेतलं. “अगं, हिरवा संपला होता तर सांगायचंस. आमच्या मुलाचा दिला असता.”

त्या गेल्यावर मी साडी सावरून, शेजारचं चित्र बघतेय असं दाखवत उभी राहिले. तासाभराने टोपी घातलेले एक गोरे आजोबा थांबले. चिठ्ठीवर वाकले, माझं नाव ओठांत दोनदा चाचपलं आणि नाद सोडला. मग त्यांनी चित्राकडे बघितलं.

“अरे, हा तर तलावामागचा उतार,” ते स्वतःशीच म्हणाले. “दुपारी चारचा.”

जिच्यासाठी एवढा जीव टाकला ती चिठ्ठी वाया गेली होती आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही. अशी ही बाई.

“साडेतीनचा,” मी म्हटलं.