मास्तरांचं जुनं माप

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात एक नियम होता आणि त्यापायी त्यांनी भलीभली गिऱ्हाइकं दुखावली होती. जुन्या कपड्यावरून नवा कपडा शिवायचा नाही. माणूस समोर उभा हवा. एकदा वकीलसाहेबांनी आपला जुना कोट पाठवून दिला, वर चिठ्ठी, 'यावरून माप घ्या, मला कोर्टातून सवड नाही.' मास्तरांनी कोट तसाच परत पाठवला आणि निरोप दिला, "कोट आला, पण वकीलसाहेब काही आले नाहीत." साहेब तणतणत आले. टेप पोटाभोवती फिरली, दोन इंच वाढ निघाली आणि साहेबांचा आवाज एकदम खाली आला.

"माणूस बदलत असतो, साहेब," मास्तर म्हणाले. "वहीतलं माप बिचारं तिथंच बसून राहतं."

असे हे मास्तर. गल्लीत त्यांना दुसरं नावच नव्हतं. त्यांच्या बायकोने जन्मात कधी बटण लावलं नव्हतं, तरी लोक तिला मास्तरीणबाई म्हणायचे आणि तीही खुशाल ओ द्यायची.

गेल्या वर्षी मास्तरांच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला. पण डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटावर, डाव्या अंगाला बाहेर काढून ठेवलं, कायमचं. त्यावर पिशवी चिकटवायची. शौच तिच्यातच होतं. भरली की रिकामी करायची, तीन दिवसांनी बदलायची. पिशवीला एक चिकट चकती असते, तिला आपल्या मापाचं भोक आपणच कापायचं. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या नर्सने पुठ्ठ्यात एक गोल कापून मास्तरांच्या हातात ठेवला. "या मापाने कापत जा, काका," म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे पळाली. झालं शिक्षण.

कापायचं मास्तरांना कोण शिकवणार! पुठ्ठा त्यांनी मापाच्या वहीत जपून ठेवला आणि काजांच्या बारीक कात्रीने असं गोल भोक पाडायला लागले की बघत राहावं. फक्त चिकटवताना ते खाली बघत नसत. न्हाणीघरात भिंतीकडे तोंड करायचं, डोळे मिटायचे आणि बोटांनी चाचपून लावून टाकायचं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची शरीरं जवळून बघितली होती. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाला पोक आलेलं, आणि मास्तर कधी कुणाला हसले नाहीत. स्वतःच्या पोटाकडे बघायची मात्र त्यांची हिंमत होईना.

दोन महिने बरे गेले. मग पिशवी गळायला लागली. तीन दिवस टिकायची ती दीड दिवसात सुटू लागली, कधी सकाळी लावलेली संध्याकाळी. कातडी जळून लाल झाली, आणि ओल्या कातडीवर नवी पिशवी मुळीच धरेना. एकदा विजारीचं माप घ्यायला वाकले असताना ऐन गिऱ्हाइकासमोर सुटली. गिऱ्हाईक भला माणूस. नुसता रुमाल नाकाला लावला आणि छताकडे बघत राहिला. मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकाला म्हणू लागले, "जुना शर्ट ठेवून जा. त्यावरून माप घेतो."

मास्तरीणबाईंनी हे आपल्या कानांनी ऐकलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. नवरा आजारी पडला तेव्हाही त्या एवढ्या घाबरल्या नव्हत्या.

आता पिशव्यांची गोष्ट. विमा कंपनी महिन्याला दहा पिशव्या द्यायची, त्या बारा-तेरा दिवसांत संपायच्या. उरलेले दिवस मास्तर वापरलेलीच पिशवी धुऊन पट्ट्यांनी चिकटवायचे. मास्तरीणबाईंनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, महिन्याला दहाच बसतात."

"अगं बाई, तुमच्या कंपनीतले लोक मोजून दहाच वेळा जातात का?"

"मॅडम, तसा नियम आहे. आणि पेशंटची जखम भरली की कळवा, म्हणजे पिशव्या बंद करता येतील."

मास्तर आतून ऐकत होते. एरवी ते हसले असते. मास्तरीणबाईंनी फोनवर जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी मुलगी म्हणाली की जास्त पिशव्या हव्या असतील तर अर्ज करा आणि स्टोमा नर्सचं पत्र जोडा. पोटावरच्या या तोंडाला स्टोमा म्हणतात, आणि त्याचीच माहिती असलेली खास नर्स असते.

"म्हणजे अशी कुणी असते?" मास्तरीणबाईंनी विचारलं. आठ महिन्यांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

होती. मोठ्या इस्पितळात, फक्त मंगळवारी, आणि नंबर तीन महिन्यांनंतरचा. शिवाय तिला दाखवायचा खर्च कंपनी देत नाही, कारण तो म्हणे 'सल्ला' असतो, 'उपचार' नव्हे. हे ज्याने लिहिलं त्याच्या पोटाला एकदा आठवडाभर ती गळकी पिशवी लावून द्यावी, दुसरी शिक्षा नको.

मास्तरांनी अर्ज लिहून ठेवला खरा, पण मनातून ते मोडले होते. एका जेवणाला मान खाली घालून म्हणाले, "कोपऱ्यावरचा मोबाइलवाला दुकान मागतोय. पुढच्या महिनाअखेर किल्ली देऊन टाकतो."

"आणि तुम्ही काय करणार?"

"बसेन की घरी."

मास्तरीणबाईंनी पुढ्यातलं ताट सरकवलं. हा माणूस दुकानाशिवाय सहा महिने जगणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मंगळवारी त्या नंबर नसताना इस्पितळात जाऊन त्या नर्सच्या दाराशी बसल्या. हाकललं तरी हलल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी पुन्हा. तिसऱ्या मंगळवारी एक पेशंट आला नाही. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "बोलवा तुमच्या माणसाला, नाहीतर तुम्ही माझी पाठ सोडणार नाही."

मास्तर रिक्षात टॉवेल अंथरून आले. सिस्टर जाडजूड, आवाज करडा, पण हात एकदम हलका. त्यांनी पिशवी अलगद सोडवली आणि म्हणाल्या, "खाली बघा."

"राहू द्या, सिस्टर."

"काका, मी तुमच्या घरी रोज येणार नाही. बघा."

मास्तरांनी मान वाकवली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. एवढंसं लाल, ओलसर तोंड होतं, वाटलं होतं तसं भयंकर काही नव्हतं. भोवताली मात्र सोललेल्या कातडीचं कडं. मास्तर बघत राहिले. मग त्यांनी काढलेल्या चकतीतल्या भोकाकडे बघितलं, परत पोटाकडे बघितलं, आणि त्यांचा हात सवयीने गळ्याकडे गेला. टेप तिथं नव्हती.

"सैल आहे," ते हळूच म्हणाले. "चांगलं अर्धा इंच सैल आहे."

"माप कधीचं?"

मास्तरांनी खिशातून वहीतला तो पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवसाचं."

"तेव्हा सूज असते, काका! दीड-दोन महिन्यांत ती उतरते, तोंड लहान होतं. पुन्हा माप घ्यायचं असतं. मोकळ्या राहिलेल्या कातडीवर मळ साचतो, कातडी जळते, पिशवी सुटते." सिस्टरांनी पुठ्ठा उलटसुलट केला. "कापलंय मात्र सुरेख. काय करता तुम्ही?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले.

"शिंपी आहेत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "जुन्या मापावर शिवत नाहीत." आणि त्यांना हसू फुटलं, ते थांबेना, आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"मला कुणी सांगितलंच नाही," मास्तर म्हणाले.

"सांगायला हवं होतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा करडेपणा गेला होता. "सगळ्या इस्पितळाला मी एकटी. माझ्याकडच्या भेटीचा खर्च कंपनी देत नाही, म्हणून पेशंटला कुणी परत बोलावत नाही. तुमच्यासारखे किती घरात बसून असतील, मला माहीत नाही."

त्यांनी कातडीला लावायची पूड दिली, पत्रही लिहून दिलं; ते जोडून अर्ज कंपनीला गेला. नवी पिशवी मास्तरांनी स्वतः लावली. डोळे उघडे ठेवून.

कंपनीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. अर्ज नामंजूर. दहाच. मास्तरांनी पत्र नीट वाचलं. पाकीट जाड, चांगल्या पुठ्ठ्याचं होतं. त्यांनी टेपने माप घेतलं, काजांची कात्री काढली आणि त्या पाकिटातून एक इंचाचा गोल कापला. कंपनीचा काहीतरी उपयोग झाला. तोवर कातडी भरून आली होती आणि पिशवी तीन दिवस टिकत होती.

महिनाअखेरीला मास्तरांनी दुकानाचं कुलूप काढलं तेव्हा मोबाइलवाला किल्ली न्यायला येऊन उभाच होता. त्याला काही सांगायच्या आत वकीलसाहेब घाईघाईने आले, काखेत जुना कोट.

"हे घ्या. तुमचा नवा नियम आहे म्हणे, जुन्यावरून माप. मला बरंच झालं."

मास्तरांनी कोट घेतला आणि टेबलाखाली टाकला. "साहेब, सरळ उभे राहा. पोट आत ओढू नका, मला कळतं." त्यांनी गळ्यातली टेप काढली, साहेबांना अगदी चिकटून उभे राहिले आणि दोन्ही हात त्यांच्या छातीभोवती घातले. "अगं, वही घे."

मोबाइलवाला थोडा वेळ बघत राहिला, मग निघून गेला.

मास्तरीणबाईंनी वही उघडली. शेवटच्या पानावर मास्तरांचंच अक्षर होतं. वर गिऱ्हाइकाच्या जागी 'स्वतः', खाली 'एक इंच' आणि तारीख. त्याखाली पुढच्या महिन्याची तारीख आधीच घालून माप कोरं सोडलं होतं. त्यांना लवकर पान उलटवेना.

"लिहितेस ना?" मास्तरांचा दुकानातला आवाज आला, मोठा, पूर्वीसारखा. "छाती बेचाळीस."

"लिहिते," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.