दहा लाख नऊ

क्रिसोस्तोमो चोके कथिलाच्या खाणीत सुरुंग लावायचा. छातीत दगडाची धूळ बसली, तेव्हा खाणीनं त्याला घरी पाठवलं. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, तेव्हापासून माझं त्या घरी जाणं-येणं.

खाटेजवळच्या भिंतीवर तो खडूनं भागाकार करायचा. दहा लाख नऊ हा आकडा कशानंही भागला जात नाही, हे त्याला पाहायचं होतं. त्यासाठी हजाराच्या आतल्या एकेका मूळ संख्येनं भागायचं. बाकी उरली की पुढची. वरचे भागाकार तो उभा राहू शकत होता तेव्हाचे, खालचे अंथरुणाला खिळल्यावरचे.

"मास्तर, जन्मभर डोंगर फोडला," तो म्हणायचा. "एक तरी न फुटणारी वस्तू बघून जातो."

बेनेदिक्ता, त्याची बायको, चुलीवरचं बटाट्याचं सूप ढवळत म्हणायची, "फुफ्फुसं खाणीनं खाल्ली, उरलंसुरलं हा आकडा खाईल."

"तुझ्यापेक्षा बरा. उलटून बोलत नाही."

प्रत्येक भागाकाराशेजारी त्यानं फुली काढली होती. आमच्या शाळांत नवांचा ताळा असाच करतात. अंकांच्या बेरजा फुलीच्या चार घरांत मांडायच्या, जुळल्या की गणित बरोबर. त्याच्या सगळ्या फुल्या जुळत होत्या.

शेवटचा भागाकार झाल्यावर तो म्हणाला, "तपासा. आणि मरणाऱ्याला खोटं सांगायचं नाही."

मी वरून वाचत आलो. दोनशे त्र्याण्णवपाशी थांबलो. तिथे बाकी नऊ होती. शेवटच्या वजाबाकीत नवातून नऊ गेले होते, तरी त्यानं खाली नऊच लिहिले होते. खरी बाकी शून्य. भागाकार तीन हजार चारशे तेरा. ताळ्याला नऊ आणि शून्य सारखेच, म्हणून फुली जुळली होती.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं, तेवढ्यावरून त्याला कळलं.

"कितीनं?"

"दोनशे त्र्याण्णवनं."

"मास्तर, नसतं सांगितलं तर काय बिघडलं असतं?" बेनेदिक्ता म्हणाली.

"गप. मीच विचारलं." त्याला धाप लागली. धाप ओसरल्यावर तो म्हणाला, "लहान तुकडा तर मूळच आहे. मोठा फुटतो का?"

"वरच्या भागाकारांवरून तरी नाही. पण स्वतः बघायचं तर त्रेपन्नपर्यंतच्या मूळ संख्या पुरतील."

"खडू द्या."

जमिनीलगत जागा उरली होती. खाटेवरून हात खाली सोडून तो लिहू लागला. दोन दिवसांनी सकाळी बेनेदिक्तानं मला बोलावलं, तेव्हा तो गेलेला होता. हातातला खडू तिनं काढून ठेवला होता. भागाकार सदतीसपर्यंत झाले होते.

"किती राहिलंय?" तिनं विचारलं.

"थोडंच."

"मग करून टाका. माणसामागे अर्धं काम राहू नये."

मी गुडघे टेकून उरलेले भागाकार केले. त्रेपन्ननं भागल्यावर एकवीस उरले.

"म्हणजे हा नाही फुटत?"

"नाही."

तिनं मान हलवली आणि त्याच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.