टँकरच्या दिवशीची सोबत

तक्ता मीच केला होता, तेव्हा चूकही माझीच. दूध संस्थेचा सचिव म्हणून उभा जन्म वेळा आखण्यात गेला. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, संस्थेत दूध येईना, मग ती खोड सोबतिणींच्या कामाला लागली. मोठा आघात सोसलेल्या बाईचं तालुक्याला समुपदेशन संपतं आणि ती घरी एकटी पडते. आठवड्यातून एकदा तिच्यापाशी जाऊन बसायचं, एवढंच सोबतिणीचं काम. अशी बारा घरं होती; कुणी कुणाकडं किती वाजता जायचं, ते मी ठरवायचो.

उमापूरकडची एक बाई. ऊसतोडीच्या वाटेवर ट्रॅक्टर उलटला, नवरा तिच्या डोळ्यांदेखत गेला. तिला मी मंगळवार, सकाळचे अकरा दिले. मंगळवारी अकरालाच तिथं टँकर येतो, हे माझ्या सुबक तक्त्यात नव्हतं. दारात आलेल्या पाहुणीला टाकून हंडा घेऊन पळायचं कसं? बाई दोन मंगळवार बसून राहिली. तिसऱ्याला तिनं दारच उघडलं नाही.

सोबतीण घाबरली. "आदी महिनाभर अंथरुणातून उठली नव्हती ती. परत तसंच झालं तर?"

सोबतिणीला घेऊन मीच गेलो. बंद दाराबाहेरून विचारलं, "बाई, आमचं काय चुकलं?"

आतून आवाज आला, "तुमची बाई लई चांगली हाय, मामा. पर तिच्यापायी सासूला शेजारी पाणी मागावं लागलं."

"मग कावून बोलला न्हाईत?" मी म्हणालो.

"तुमी इचारलं व्हतं का?"

सोबतीणच दाराला तोंड लावून म्हणाली, "मंगळवारी येते गं. माझा हंडा घिऊन. लायनीत हुबं राहू."

पुढच्या मंगळवारी दोघी रांगेत उभ्या राहिल्या. अपघाताचा शब्दही निघाला नाही. पण मधे घुसणाऱ्या एकीवर बाई कडाडली, "म्हशीवानी कावून घुसतीस गं? माघारी सर!" सोबतिणीनं हे मला असं सांगितलं, जणू तिचीच लेक वर्गात पहिली आली.

त्या संध्याकाळी दिवसभर फिरून अंग आंबलेलं. तरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं, थोडं श्रेय स्वतःकडं ठेवून. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं. आता बाकीच्या अकरा घरी जाऊन इचारून या. अन् पाणी घरूनच पिऊन जा."