विनायकचा हार्नेस गाडीतच राहिला

विनायक पंधरा फुटांवरून पडून मेला.

'गेला' असं लिहिणार नाही. 'देवाज्ञा झाली' तर अजिबातच नाही. मेला. आणि मरायचं काही कारण नव्हतं.

आज एक वर्ष झालं. सकाळपासून फोनवर हात जोडलेले इमोजी येतायत. आणि ते एक वाक्य. "आवडीचं काम करता करता गेला, भाग्यवान माणूस."

कसलं भाग्य? चौदा वर्षांची मुलगी, इरा, मागे टाकून जाणारा भाग्यवान?

जे त्याला फक्त फोटोतून ओळखतात, त्यांच्यासाठी सांगतो.

विन्या आणि मी दुबईत एकाच ऑफिसात, शारजात एकाच बिल्डिंगमध्ये. दहा वर्षं एकाच गाडीतून जायचो-यायचो. जॅममध्ये बसल्या बसल्याच त्याने मला तिरंदाजीचं वेड लावलं. आधी क्लबमध्ये कागदी टार्गेट. मग त्याच्या डोक्यात शिरलं, साउथ आफ्रिकेत जायचं, परमिट काढून धनुष्यबाणाने शिकार करायची. झाडावर बसून.

त्याला ट्री स्टँड लागतो. खोडाला पट्ट्याने आवळून बांधायची छोटी ॲल्युमिनियमची बैठक. आणि वर चढायला क्लाइंबिंग स्टिक्स, म्हणजे शिडीचे सुटे तुकडे. एकावर एक बांधत वर जायचं.

हे निवडायला या माणसाने चार महिने घेतले. चार महिने!

"सम्या, खोडावर सरकत वर जाणारा स्टँड नको. त्याला सरळसोट झाड लागतं. तिथली झाडं वाकडीतिकडी."

"बरं."

"स्टिक्स चार पुरे. पण पायरी दोन्ही बाजूंना हवी. आणि बांधायला दोरी घेऊ. धातूचं बकल वाजतं, हरीण पळतं."

"घे बाबा, जे घ्यायचं ते घे."

दुबईतच रास अल खोरला ओळखीच्या एका गॅरेजच्या आवारात जुना लाकडी खांब होता. दर शनिवारी सकाळी आमची प्रॅक्टिस त्यावर. गॅरेजवाले खानभाई चहाचा कप घेऊन खाली उभे. "विनायक साब, पहले बेल्ट."

आणि विन्या हार्नेस घालायचा, पाय घसरला तर दोराने झाडाला धरून ठेवणारा अंगावरचा पट्टा. प्रत्येक वेळी. मी आळस केला तर माझ्यावर ओरडायचा. "पाय जमिनीवर आहेत तोवर दोर अडकवायचा. नंतर नाही!"

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं.

हाच तर राग आहे माझा.

एअरपोर्टवर सामान दोन किलो जास्त भरलं. विन्याने तिथेच फरशीवर बॅग उघडली. हार्नेस आणि त्याचा दोर बाहेर काढला, सोडायला आलेल्या बायकोच्या, मानसीच्या हातात दिला.

फोन लावायचा लोखंडी स्टँड मात्र बॅगेत ठेवला. रील करायचं होतं ना.

मानसी म्हणाली, "अरे, हेच काय काढतोस?"

"लॉजवर मिळतो गं."

आणि मी, त्याचा जिवलग मित्र, काय बोललो? "यल्ला विन्या, चल लवकर, लाइन वाढतेय."

एवढंच.

लॉजवर हार्नेस मिळाला. गाईडने स्वतः आणून दिला. विन्याला ढगळ होत होता. पहिल्या दिवशी घातला. दुसऱ्या दिवशी खोलीतच ठेवला.

मी विचारलं. "हार्नेस?"

"धनुष्य ताणताना आवाज करतो रे. आणि पंधरा फूट तर आहे फक्त."

मी पुढे काही बोललो नाही.

उजाडायच्या आत त्याने घाईघाईत बैठक बांधली होती. पट्टा नीट आवळला नव्हता. शेवटच्या स्टिकवरून बैठकीवर पाय टाकला आणि बैठक सरकली. मी माझ्या झाडाकडे चाललो होतो, त्याच्याकडे पाठ करून. धप्प असा आवाज आला. तो ओरडलासुद्धा नाही.

हॉस्पिटल दीड तासावर. जीपच्या मागे फळीवर त्याला झोपवलं, मी डोकं धरून बसलो. तो म्हणाला, "मानसीला इतक्यात सांगू नकोस." थोड्या वेळाने म्हणाला, "इराची परीक्षा आहे."

त्यानंतर काही बोलला नाही. आम्ही पोचलो तेव्हा खलास झालं होतं.

मानसीला फोन मीच केला. ती रडली नाही. म्हणाली, "समीर, तो हार्नेस अजून गाडीत आहे रे. मागच्या सीटवर."

आणि लोक! एकाने मला तोंडावर सांगितलं, हरणाचा शाप लागला. दुसरा म्हणाला, स्टँडच डुप्लिकेट असणार. नव्हता! उत्तम स्टँड होता. चार महिने घालवून निवडलेला. क्लबच्या ग्रुपवर कोणीतरी त्याचा झाडावरचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'लेजंड'. मी ग्रुप सोडला. लेजंड नव्हता तो. त्या दोन दिवसांत तो बेफिकीर होता. आणि शेजारी मी होतो, तोंड शिवून बसलेला.

मानसीने इथेच नोकरी धरली. इरा गेल्या आठवड्यात एकटीच आमच्याकडे आली. सोफ्यावर बसली, बराच वेळ नखं खात राहिली.

"समीर काका, आर यू अँग्री विथ बाबा?"

खोटं बोलणार होतो. जमलं नाही.

"हो. खूप. आणि माझ्यावर त्याहून जास्त. मी त्याला थांबवलं नाही."

तिने मान खाली घातली. मग मराठीत बोलली, जे ती क्वचितच बोलते.

"मलापण बाबाचा राग येतो. आई रडेल म्हणून मी कुणाला सांगत नाही."

मग आम्ही दोघं रडलो. वर्षभरात पहिल्यांदा.

विन्या, राग गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही.

पण तुझी फार आठवण येते, मित्रा.

शांत झोप.